भंडाऱ्यात हरलेला उमेदवार, संसदेत उभा पुतळा

२ एप्रिल १९६७ रोजी राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी संसद भवनाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याचे अनावरण केले. पुतळा ब्राँझचा, उंची ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट. शिल्पकार बी. व्ही. वाघ. डॉ. आंबेडकर स्मारक समितीने हा पुतळा संसदेला भेट दिला होता. सुटाबुटातले बाबासाहेब, उजवा हात पुढे उंचावलेला, डाव्या हाती राज्यघटनेचा ग्रंथ, हे रूप आज गावागावांत ओळखीचे आहे. ते देशाच्या सर्वोच्च सरकारी आवारात उभे राहिले तेव्हा बाबासाहेबांना जाऊन दहा वर्षे उलटली होती.

ज्या संसदेच्या आवारात हा पुतळा उभा राहिला, तिच्या लोकसभेत बाबासाहेबांना मतदारांनी एकदाही पाठवले नव्हते. घटना समितीत ते होते, हंगामी संसदेत कायदामंत्री म्हणून होते, १९५२ पासून अखेरपर्यंत राज्यसभेतही होते. पण ज्याचा त्यांनी आयुष्यभर आग्रह धरला तो प्रौढ मताधिकार आल्यावर मतपेटीने त्यांना दोनदा परत पाठवले. पहिल्यांदा १९५२ मध्ये मुंबईत, दुसऱ्यांदा १९५४ मध्ये भंडाऱ्यात. मुंबईचा पराभव बहुतेकांना ठाऊक असतो. भंडाऱ्याचा पराभव मात्र चरित्रांत दोन-चार ओळींत आटोपतो. खरे तर भारतीय लोकशाहीच्या पहिल्या पाच वर्षांतले सगळे अवघड प्रश्न या एका पोटनिवडणुकीत एकत्र आले होते.

विडीचे कंत्राट आणि एक फेटाळलेला अर्ज

भंडारा जिल्हा तेव्हा महाराष्ट्रात नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तो जुन्या मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. आजचा गोंदिया जिल्हाही भंडाऱ्यातच मोडत होता. तो वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. वैनगंगेच्या काठचा हा मुलूख धानाचा, तलावांचा आणि जंगलाचा. जंगलात तेंदूपत्ता, आणि तेंदूपत्त्यावर उभा राहिलेला विडीचा धंदा.

या विडीनेच पोटनिवडणुकीला निमित्त दिले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा दोन जागांचा मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव. काँग्रेसचे चतुर्भुज जसानी सर्वसाधारण जागेवर निवडून आले, राखीव जागेवर तुलाराम साखरे. निकालाला आव्हान दिले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १५ फेब्रुवारी १९५४ रोजी न्यायालयाने निकाल दिला. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते, त्यामुळे हा मुलूख त्यांना परका नव्हता.

न्यायालयापुढे दोन मुद्दे होते. पहिला जसानींचा. मूलजी सिक्का आणि कंपनी या विडीच्या पेढीत ते भागीदार होते आणि या पेढीचा सैनिकांसाठी विड्या पुरवण्याचा सरकारशी करार होता. सरकारशी असा करार असलेल्या माणसाला कायद्याने निवडणूक लढवता येत नव्हती. न्यायालयाने जसानींना अपात्र ठरवले.

दुसरा मुद्दा जास्त खोल होता. गंगाराम ठवरे यांनी राखीव जागेसाठी अर्ज भरला होता. ते जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता. पंथ घेतला म्हणजे हे आता महार राहिले नाहीत, असे म्हणून निवडणूक अधिकाऱ्याने त्यांचा अर्ज फेटाळला होता. माणसाने पंथ बदलला की त्याची जात जाते का? न्यायालयाने उत्तर शोधताना तीन गोष्टी पाहिल्या: मूळचा समाज त्याला आपला मानतो की नाही, स्वतः त्या माणसाला जात सोडायची आहे की नाही, आणि नव्या पंथाचे नियम काय सांगतात. या कसोटीवर ठवरे महारच राहिले होते, तेव्हा त्यांचा अर्ज फेटाळणे चूक ठरले. निवडणूक रद्द झाली आणि दोन्ही जागांसाठी पुन्हा मतदान घ्यायची वेळ आली.

हा निकाल लागला तेव्हा बाबासाहेबांचा धर्मांतराचा निर्णय जाहीर होऊन १८ वर्षे झाली होती, प्रत्यक्ष धर्मांतराला अजून अडीच वर्षे होती. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर नागपुरात, लाखो लोकांनी बौद्ध धम्म स्वीकारला आणि ठवरे यांच्यापुढे आलेला प्रश्न एका संपूर्ण समाजापुढे आला. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्राने दिल्या त्या थेट १९९० मध्ये.

दोन मते, दोन पेट्या

बाबासाहेब या निवडणुकीत का उतरले ते समजायचे तर दोन जागांच्या मतदारसंघाची रीत आधी समजून घ्यावी लागते. ही रीत १९६१ च्या कायद्याने बंद झाली, त्यामुळे आजच्या मतदाराला ती ऐकूनही माहीत नसते.

अशा मतदारसंघात प्रत्येक मतदाराला दोन मते. मतदार कोणत्याही जातीचा असो, त्याने दोन वेगवेगळ्या उमेदवारांना एकेक मत द्यायचे. राखीव जागेवर कोण निवडून येणार हे फक्त दलित मतदार ठरवत नव्हते. सगळे ठरवत होते. १९३२ च्या पुणे करारात स्वतंत्र मतदारसंघ सोडून देऊन राखीव जागा आणि संयुक्त मतदारसंघ स्वीकारावे लागले, त्याचेच हे पुढचे रूप. इतर समाजाच्या मतांवाचून राखीव जागाही जिंकता येत नाही, ही गाठ त्या करारातच बसलेली होती.

मत द्यायची पद्धतही निराळी होती. कागदावर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याचे निवडणूक चिन्ह, आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. आता एखाद्या पक्षाला वाटले की आपल्या मतदारांचे दुसरे मत दुसऱ्या पक्षाच्या कामी येऊ नये, तर तो सांगायचा: दोन्ही कागद एकाच पेटीत टाका. मोजणीत त्यातला एक बाद व्हायचा. एक मत आपल्याला, दुसरे कोणालाच नाही. याला कार्यकर्त्यांच्या भाषेत मत कुजवणे म्हणत.

१९५२ मध्ये उत्तर मुंबईत बाबासाहेब याचाच फटका खाऊन बसले होते. तिथे बाबासाहेबांचा पक्ष शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि समाजवादी यांची युती होती. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता, राखीव जागेवर बाबासाहेब. दोघेही पडले. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते, बाबासाहेबांना १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा. आणि बाद झालेल्या मतपत्रिका किती? ७४,३३३. विरोधकांनी मते कुजवायचा प्रचार केला म्हणून निवडणूक रद्द करावी, असा अर्ज बाबासाहेब आणि अशोक मेहता या दोघांनी मिळून केला. हाती काही लागले नाही.

भंडारा, मे १९५४

दोन वर्षांनी हीच जोडी भंडाऱ्यात उभी राहिली. मेहता आता प्रजा समाजवादी पक्षाचे. बाबासाहेबांसमोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर होते. भंडारा-नागपूर पट्ट्यात फेडरेशनचे काम जुने, कार्यकर्ते जिवाला जीव देणारे, म्हणून ही जागा त्यातल्या त्यात आशेची वाटली. बाबासाहेबांची प्रकृती तोवर ढासळली होती. मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने चालणे अवघड झाले होते. तरी विदर्भाच्या उन्हाळ्यात ते सभांना आले. भाषणांत त्यांनी नेहरू सरकारच्या धोरणांवर, विशेषतः परराष्ट्र धोरणावर कडक टीका केली.

प्रचारात कार्यकर्त्यांनी एक हिशेब मांडला. आपल्या लोकांनी एक मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कुजवावे. मेहतांना मते देऊन आपला उमेदवार निवडून येत नाही, उलट सर्वसाधारण मतदार दुसरे मत आपल्याकडे वळवतील याची खात्री कोण देणार? मुंबईचा अनुभव ताजा होता आणि हिशेब चुकीचाही नव्हता.

बाबासाहेबांनी नकार दिला. मी पडलो तरी चालेल, पण मत वाया घालवा असे मी सांगणार नाही, अशी त्यांची भूमिका होती, असे चळवळीत आजही सांगितले जाते. ज्याने घटना लिहायला हातभार लावला त्यानेच मतदाराला हक्क फुकट घालवायला शिकवावे, हे त्यांना पटणे शक्य नव्हते. वर, मुंबईत विरोधकांच्या ज्या कृतीविरुद्ध त्यांनी दाद मागितली तीच इथे स्वतः करायची, हा दुटप्पीपणा झाला असता.

निकाल लागला तो कार्यकर्त्यांच्या भीतीप्रमाणे. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब आठ हजारांहून जास्त मतांनी बोरकरांकडून हरले. एकाच मतदारसंघात, एकाच निवडणुकीत, युतीतला एक उमेदवार जिंकतो आणि दुसरा हरतो, याचा अर्थ उलगडायला फार विद्वत्ता लागत नाही. फेडरेशनची दुसरी मते मेहतांच्या पेटीत पडली. मेहतांच्या मतदारांची दुसरी मते पुरेशी इकडे आली नाहीत. मेहता पुढे योजना आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि पंचायत राज्याविषयीच्या १९७७ च्या समितीला त्यांचेच नाव लागले. बाबासाहेबांनी त्यानंतर लोकसभेची निवडणूक लढवली नाही. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

पुतळा सरकारी आवारात पोहोचतो कसा

सरकारी इमारतीतला पुतळा पाहताना आपण धरून चालतो की सरकारला आदर वाटला आणि त्याने पुतळा उभा केला. बहुधा तसे घडत नाही. आधी लोक मागतात, वर्षानुवर्षे मागत राहतात, आणि नकार देणे महाग पडू लागले की सरकारला आदर आठवतो.

बाबासाहेबांच्या पुतळ्यांची सुरुवात चौकांतून झाली. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे ते हयात असतानाच, त्यांचा आणि महात्मा फुल्यांचा पुतळा बसवला गेला. पुढाकार भाई माधवराव बागल यांचा. संसदेत त्यांना जागा मिळावी ही मागणी मात्र मोर्च्यातून आली. १ ऑक्टोबर १९६४ रोजी रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली. तिच्यात भूमिहीनांना पडीक जमीन, किमान वेतन अशा पोटाच्या मागण्या होत्या. त्या सनदेत आणखी एक मागणी होती: संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात घटनेच्या शिल्पकाराचे तैलचित्र लावा. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि लाखो भूमिहीनांनी तुरुंग भरले. ज्यांना गुंठाभर जमीन नव्हती ती माणसे एका चित्रासाठीही तुरुंगात गेली. त्यांच्या लेखी जमीन आणि चित्र या दोन वेगळ्या मागण्या नव्हत्याच. या देशात आपली जागा कुठली, हाच दोन्हींमागचा सवाल होता.

तीन वर्षांच्या आत पुतळा उभा राहिला, पण इमारतीबाहेर. आतले तैलचित्र लागायला १२ एप्रिल १९९० उजाडावे लागले. चित्रकार होत्या झेबा अमरोहवी, अनावरण केले पंतप्रधान विश्वनाथ प्रताप सिंग यांनी. आवारातून सभागृहात यायला २३ वर्षे लागली. त्याच वर्षी भारतरत्न मिळाले, त्याच वर्षी बौद्धांच्या सवलतींचा कायदा झाला. पुढे २००३ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज आणि महात्मा फुले यांचे पुतळेही संसदेच्या आवारात आले. दोन्हींचे शिल्पकार धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार. सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा उभा राहिला तो २६ नोव्हेंबर २०२३ रोजी. तिथे ते वकिलाच्या झग्यात आहेत.

सरकारी आवारातल्या पुतळ्याला कायमचा पत्ता नसतो. जून २०२४ मध्ये संसद परिसरातले गांधीजी, आंबेडकर आणि शिवाजी महाराज यांचे पुतळे मूळ जागांवरून हलवून एका ठिकाणी, ‘प्रेरणा स्थळ’ नावाच्या हिरवळीवर, नेण्यात आले. १६ जून रोजी उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांनी त्याचे उद्घाटन केले. खासदार निदर्शने करायचे ती जागा मोडली, असा विरोधकांचा आक्षेप होता. पाहुण्यांना सगळे पुतळे एकत्र पाहता येतील, असा सरकारी खुलासा. म्हणजे पुतळा कोणाचा, एवढ्यावर भागत नाही. तो कुठे उभा आहे आणि त्याच्यापुढे उभे राहून काय बोलता येते, यावर त्याचे वजन ठरते.

ब्राँझचे शरीर

पुतळा टिकवायचा तर त्याचा धातूही ओळखायला हवा. भंडारा एकेकाळी पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले गाव. तांबे आणि जस्त मिळून पितळ; तांबे आणि कथील मिळून ब्राँझ. पुतळ्याच्या ब्राँझमध्ये साधारण ८५ टक्के तांबे असते, बाकीच्यात कथील, जस्त आणि थोडे शिसे. भांडे ठोकून घडवता येते, पुतळा ओतावा लागतो. शिल्पकार लोखंडी सांगाड्यावर मातीचा पुतळा घडवतो, त्यावर प्लास्टरचा साचा घेतो, साच्यात मेणाचा पातळ थर देतो. मेणाच्या आत-बाहेर उष्णता सोसणारे मिश्रण भरून सगळे भट्टीत तापवले की मेण वितळून वाहून जाते आणि त्याच्या पोकळीत सुमारे ११०० अंशांवर वितळलेला धातू ओततात. म्हणून बारा फुटी पुतळा भरीव वाटला तरी आतून पोकळ असतो. त्याची कातडी जेमतेम काही मिलिमीटर जाडीची. मोठा पुतळा तुकड्यांनी ओततात, तुकडे जोडतात, जोड घासून नाहीसे करतात आणि शेवटी रसायनांनी रंग चढवतात.

हा गडद रंग म्हणजे मळ नव्हे. हवेपासून धातूला जपणारा तो पापुद्रा आहे. घरच्या पितळी घागरीला चिंच लावून लख्ख करायची सवय असलेले हौशी हात जयंतीच्या आदल्या रात्री शिडी लावून पुतळाही तसाच घासतात, तेव्हा हे कवच निघून जाते. सोनेरी ऑइलपेंट तर त्याहून वाईट. चेहऱ्याच्या बारीक रेषा त्याखाली बुजतात. साध्या पाण्याने धुणे, मऊ कापडाने पुसणे आणि मेणाचा पातळ हात देणे एवढे पुरते. हार दुसऱ्या दिवशी काढावेत, कारण कुजणाऱ्या फुलांचा रस धातूला खातो. आतला लोखंडी आधार गंजला आणि पाणी निघून जायची भोके बुजली की धोका वाढतो. गावोगावचे बरेच पुतळे फायबरचे किंवा सिमेंटचे असतात. त्यांना ऊन आणि भेगा यांपासून जपावे लागते.

पुतळा उभारायला महाराष्ट्रात परवानगीची वाट ठरलेली आहे. जागेची मालकी, स्थानिक संस्थेचा ठराव, जिल्हा प्रशासनाची आणि पोलिसांची संमती, आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता. सार्वजनिक रस्ते आणि पदपथ अडवून पुतळे उभारू नयेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिला. घाई केली की काय होते ते मालवणने दाखवले. राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला.

पाटीवर काय लिहायचे

आपल्याकडे पुतळ्याखालच्या पाटीवर दोन गोष्टी हमखास असतात: जन्म-मृत्यूच्या तारखा आणि अनावरण करणाऱ्या पाहुण्यांची नावे. पुष्कळदा पाहुण्यांची अक्षरे मोठी असतात. त्या माणसाचे या गावाशी नाते काय, हे पाटी सांगत नाही. त्यामुळे सगळीकडचे पुतळे सारखेच वाटतात आणि चौथीतल्या मुलाला प्रश्न पडत नाही.

भंडाऱ्याकडे सांगण्यासारखे बरेच आहे. इथल्या एका खटल्याने पंथ आणि जात यांचा कायदा घडवला. इथल्या मतदारांपुढे घटनेचा शिल्पकार मत मागायला आला आणि हरला. हरण्याआधी त्याने जिंकायची एक वाट हातात असून नाकारली, कारण त्या वाटेवर मत वाया जात होते. पराभवाची नोंद करायला संकोच वाटतो हे खरे, पण या पराभवात लाज वाटावी असे काही असेल तर ते उमेदवाराच्या बाजूचे नाही.

जिल्ह्यातल्या सरकारी कार्यालयांत १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला प्रतिमेला हार घातला जातो, २६ नोव्हेंबरला उद्देशिकेचे सामूहिक वाचन होते. या तीन दिवसांपैकी एका दिवशी १९५४ ची गोष्टही सांगितली जावी. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायती, जिथे जिथे बाबासाहेबांचा पुतळा किंवा तसबीर आहे तिथे पाटीवर आणखी एक ओळ सहज मावेल: मे १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, ते पराभूत झाले, आणि मत कुजवा असे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. याला शासन निर्णय लागत नाही, एक ठराव पुरे. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेत तो मांडा.